खरारा आणि खांद शेकणी

घोड्याचा खरारा आणि बैलाची खांद शेकणी ही नावे आपण ऐकून असतो; पण त्यांमागचे कारण क्वचितच विचारतो. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात घोडे माणसे आणि ओझी वाहतात. खराऱ्याने त्यांच्या अंगावरची धूळ व वाळलेला घाम निघतो. हीच घाण खोगिराखाली राहिली तर पाठ सोलवटते. शिवाय अंग चोळताना गाठ, सूज किंवा दुखरी जागा हाताला लगेच कळते.

आमच्या वरोरा भागात हे कष्ट बैलाच्या वाट्याला येतात. जू वशिंडाच्या पुढे मानेवर टेकते आणि वखराचा सारा ताण तेवढ्या जागेवर पडतो. सततच्या दाबाने व घर्षणाने तेथील कातडी जाड होते, सूज येते. यालाच 'खांदा आला' असे म्हणतात. श्रावण अमावास्येला पोळा. त्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून खांदा चोळतात, शेकतात. चोळण्याने ताठरलेले स्नायू सैलावतात, तुपाने कातडी मऊ होते. मात्र गरम सुजेवर वा जखमेवर चोळू नये. अशा वेळी बैलाला जुवाला जुंपू नये व पशुवैद्याला दाखवावे.

घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्या कित्येकांची फी याच खांद्यांनी भरली आहे. पोळा वर्षातून एकदा येतो; त्यांच्यावरून हात मात्र रोज, जू उतरल्यावर, फिरला पाहिजे.