राष्ट्राआधी दुभंगलेली मंडळी

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले 1861 साली. बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे लोक त्याआधी सोळा वर्षे उत्तर-दक्षिण असे वेगळे झाले होते. परदेशी मिशनकार्यासाठी उत्तर-दक्षिणेच्या बाप्टिस्टांनी मिळून 1814 मध्ये फिलाडेल्फियाला संस्था उभारली. ब्रह्मदेशात गेलेले अडोनिराम जडसन हे तिचे मिशनरी. 1844 मध्ये अलाबामाच्या बाप्टिस्टांनी संस्थेला विचारले, गुलाम बाळगणारा मिशनरी चालेल का? संस्थेच्या बोस्टनमधील कार्यकारी मंडळाने नकार दिला आणि मे 1845 मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा येथे दक्षिणेचे वेगळे ‘सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन’ जन्माला आले.

वाद गुलामगिरीचा नव्हता, संस्थेच्या अधिकाराचा होता, हा दक्षिणेचा बचाव. त्यात तथ्याचा अंश आहे. प्रत्येक मंडळी (स्थानिक चर्च) स्वायत्त आणि धर्म सरकारापासून अलग, ही बाप्टिस्टांची जुनी श्रद्धा. तिच्यापायी व्हर्जिनियात त्यांच्या उपदेशकांनी तुरुंगवास सोसला होता. पण अधिकाराचा प्रश्न निघाला तोच मुळी गुलामांच्या मालकामुळे. व्हर्जिनियाच्याच बाप्टिस्टांनी 1790 मध्ये, उपदेशक जॉन लेलंड यांच्या ठरावानुसार, गुलामगिरीला निसर्गदत्त हक्कांची पायमल्ली म्हटले होते. तीन वर्षांत ‘हा विषय विधिमंडळाचा’ म्हणून त्यांनी अंग काढून घेतले. अलिप्ततेचे तत्त्व इथेच पळवाट झाले, असे मला वाटते. 1822 मध्ये साउथ कॅरोलायनाचे बाप्टिस्ट उपदेशक रिचर्ड फर्मन तर बायबलच्या आधाराने गुलामगिरीचे उघड समर्थन करू लागले.

मंडळीच्या रोजच्या कारभारात ही पळवाट किती महागात पडली ते दिसते. अनेक मंडळ्यांत काळे-गोरे दोघेही सभासद असत आणि विवाह मरेपर्यंतचा मानला जाई. मग मालकाने नवऱ्याला दूरदेशी विकले तर मागे राहिलेल्या बायकोने पुन्हा लग्न करावे का? सव्हाना रिव्हर असोसिएशन या बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघाने 1835 मध्ये निर्णय दिला : गुलामांची अशी ताटातूट म्हणजे मृत्यूच समजावा. त्या बाईची सोय झाली. ताटातूट करणाऱ्याला मात्र ठरावाने जाब विचारला नाही. उत्तरेचे बाप्टिस्टही फार पुढे गेले नव्हते. बोस्टनने मालकाला मिशनरी म्हणून नाकारले, ख्रिस्ती बंधू म्हणून नव्हे. तरी तेवढा नकारही दक्षिणेला सोसला नाही. अलाबामाच्या त्या ठरावांमागचे प्रमुख नेते बेसिल मॅनली 18 फेब्रुवारी 1861 रोजी माँटगोमेरीत दक्षिणेच्या फुटीर राज्यसंघाचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस यांच्या शपथविधीला होते, आणि नव्या गुलामधारी राज्यासाठी प्रार्थना त्यांनीच केली.