सळईचा गंज आणि क्वांटम संगणक

आमच्या जालन्याच्या सळया दूरदूर जातात. वडील अशाच एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत. तरी गेल्या पावसाळ्यात आमच्याच घराचा सज्जा ढासळला. आतली सळई गंजली होती. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट फुटते.

मी कला शाखेचा, तरी कारण शोधीत वाचनालयात बसलो. पाणी व प्राणवायू मिळाले की लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडतो आणि गंज सुरू होतो. जस्ताचा लेप दिला तर जस्त आधी झिजते, लोखंड वाचते. पण नवा लेप टिकेल का, हे गणिताने आधीच सांगणे कठीण. कारण प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांवर परिणाम करतो. दोन अवस्थांचा एकेक कण वाढला की शक्यता दुप्पट होतात: १० कणांना १०२४, २० ना दहा लाखांवर. पन्नाशीपुढे मोठमोठे संगणकही हात टेकतात. क्वांटम संगणकाचे क्युबिट मात्र इलेक्ट्रॉनांच्याच नियमांनी चालतात. आयबीएम व बोइंगच्या संशोधकांनी मॅग्नेशियमच्या पृष्ठभागावर पाण्याची क्रिया कशी होते, हा प्रश्न याच मार्गाने हाती घेतला. आजची यंत्रे चुका फार करतात, हेही खरे. आपल्या सरकारनेही २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली.

वडिलांना हे सारे सांगितले. ते म्हणाले, "यंत्र येईल तवा येईल. नव्या सज्ज्यात सळईला काँक्रीटचं कव्हर नीट दे."