माहिती सीमेपार जावी, पण नोंद कुणाच्या नावावर?

हिवाळ्यात मध्य आशियातून उडत आलेले हंस उजनी जलाशयाच्या भिगवण परिसरात उतरतात. इथल्या आणि तिथल्या नोंदी एकत्र आल्या तरच त्यांचे संरक्षण होऊ शकते. म्हणून जैवविविधतेची माहिती देशोदेशी गेलीच पाहिजे. मात्र माहिती कुणाची आणि लाभ कुणाला, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

1995 मध्ये अमेरिकेने जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. आपल्या घराघरात हे माहीत होते. पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील तोंडी ज्ञान पुरावा ठरत नव्हते, छापील मजकूर लागे. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध सादर केले. 1997 मध्ये पेटंट रद्द झाले.

पुढे 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय सुरू झाले. परदेशी पेटंट कार्यालयांना तपासणीसाठी ते करारानुसार खुले केले जाते. पण त्याचा पाया आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ. ज्यांना शतकानुशतके अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्यांचे ज्ञान त्यात कसे सापडणार? सह्याद्रीतील कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांचे वनस्पतिज्ञान बहुतांशी तोंडीच आहे.

त्यासाठी जैवविविधता कायदा, 2002 मध्ये तरतूद आहे. प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. परदेशी संशोधक वा कंपनीला इथली जैवसंपदा किंवा त्यासंबंधीचे ज्ञान घ्यायचे असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. संमती आणि लाभात न्याय्य वाटा हे तत्त्व 2010 च्या नागोया करारातही आहे.

2023 च्या दुरुस्तीने देशातील वापरकर्त्यांना ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाबाबत लाभवाटपातून सूट दिली. ग्रंथाबाहेरच्या ज्ञानाचा वाटा मागायचा, तर नोंदवहीचे महत्त्व आणखी वाढते.

कार्यकर्त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीत वा महानगरपालिकेत तीन गोष्टी विचाराव्यात : समितीत कोण आहे? महिला, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य खरोखर बैठकीला येतात का? नोंदवहीत ज्ञान सांगणाऱ्याचे नाव आहे का? पक्ष्याची नोंद जगाला खुशाल द्या. पण एखाद्या आजीने सांगितलेले औषध तिच्या संमतीशिवाय समाजमाध्यमावर टाकू नका. ते ज्ञान तिचे आहे. त्याचे काय करायचे, हे तिला विचारूनच ठरले पाहिजे.