हिवतापाचा औषधोपचार आणि यात्रेकरू

श्रीक्षेत्र गाणगापूर येथे भीमा-अमरजा संगमावर स्नान करून निर्गुण पादुकांचे दर्शन घेण्यासाठी कर्नाटक व महाराष्ट्रातून वर्षभर भाविक येतात. काही दिवसांचा मुक्काम करून ते स्वगृही परततात. डास चावल्यापासून सामान्यतः 10 ते 15 दिवसांनी हिवतापाची लक्षणे दिसतात. त्यामुळे एका गावी जडलेला रोग दुसऱ्या गावी प्रकट होतो, तर एका गावी सुरू झालेला उपचार प्रवासात खंडित होण्याचा संभव असतो.

हिवतापाविषयीचे पहिले राष्ट्रीय औषध धोरण 1982 साली आखण्यात आले. तत्पूर्वी, 1973 साली, आसाममध्ये क्लोरोक्वीनला न जुमानणारे फॅल्सिपेरम जंतू आढळले होते. पुढे धोरणात वेळोवेळी बदल झाले. पूर्वी निदानाची वाट न पाहता तापाच्या रोग्यास क्लोरोक्वीन दिले जाई. 2013 च्या धोरणानुसार मात्र रक्ततपासणीने निदान करून, जंतूचा प्रकार पाहूनच उपचार करावयाचा असतो.

व्हायव्हॅक्स हिवतापात क्लोरोक्वीन 3 दिवस व प्रायमाक्वीन 14 दिवस द्यावयाचे असते. क्लोरोक्वीनने रक्तातील जंतू मरतात व ताप उतरतो; परंतु यकृतात सुप्त राहिलेले जंतू त्याने मरत नाहीत. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन आवश्यक असते. ताप गेला म्हणून गोळ्या सोडल्यास काही आठवड्यांनी वा महिन्यांनी हिवताप उलटतो, आणि रोग्याकडून डासांमार्फत तो शेजाऱ्यांनाही होऊ शकतो. फॅल्सिपेरम हा प्रकार प्राणघातक ठरू शकतो. त्यावर आर्टिमिसिनिनयुक्त संयुक्त औषध 3 दिवस व दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनची एक मात्रा देतात. गर्भवती स्त्रिया व तान्ह्या बालकांना प्रायमाक्वीन देत नाहीत. गोळ्यांनंतर लघवी काळसर झाल्यास अथवा ओठ निळे पडल्यास औषध थांबवून तात्काळ डॉक्टरांकडे जावे.

राज्याची सीमा ओलांडली तरी हे धोरण बदलत नाही. म्हणून गाव सोडणाऱ्या रोग्याने निदान व घेतलेल्या गोळ्यांची नोंद असलेला कागद मागून घ्यावा आणि तो आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात दाखवावा. आरोग्य कर्मचाऱ्यांनीही रोग्याच्या गावच्या केंद्रास कळवावे. यात्रेहून परतलेल्या विद्यार्थ्यास थंडी वाजून ताप आल्यास शिक्षकांनी पालकांना रक्ततपासणीचा आग्रह करावा.

दर्शनाने मनाला धीर मिळतो. शरीरातील जंतू नाहीसे होण्यास मात्र गोळ्यांचा क्रम पूर्ण व्हावा लागतो. चौदाव्या दिवसाची गोळी पहिल्या दिवसाच्या गोळीइतकीच महत्त्वाची आहे, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवावे.