गाडीतल्या शिट्टीचे निदान

गाडीत गाणे लावले की मागे बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, पाय उचलला की उतरतो. बरेच जण यावर सोपा उपाय करतात, गाण्याचा आवाज वाढवतात. शिट्टी झाकली जाते, पण कानांवरचा भार वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. रोज दीड तास गाडी चालवणाऱ्याची ती तीन दिवसांतच संपते. आतल्या कानातील नाजूक केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्यामुळे आवाज झाकण्यापेक्षा त्याचे मूळ शोधलेले बरे.

सुरुवात लक्षणांपासून करावी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी बहुधा अल्टरनेटरची असते. त्यात तयार होणारी एसी वीज डायोड डीसी करतात, पण थोडी लहर शिल्लक राहते आणि तीच स्पीकरमधून ऐकू येते. पेट्रोल गाडीत वेगाबरोबर वाढणारी टिकटिक असेल, तर संशय स्पार्क प्लगच्या यंत्रणेवर घ्यावा. इंजिन बंद असतानाही एकसारखी खरखर येत असेल, तर अनेकदा ॲम्प्लिफायरचा गेन गरजेपेक्षा जास्त असतो.

पुढची तपासणी गाडी उघड्यावर उभी करून, हँडब्रेक लावून करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवल्यास धुरातील कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो. चार्जिंगला लावलेला मोबाइल ऑक्स वायरनेही जोडलेला असेल, तर आधी चार्जर काढून पाहावा. शिट्टी थांबली तर कारण सापडले: अर्थिंगला दोन वाटा मिळून ‘ग्राउंड लूप’ झाला होता. थांबली नाही तर व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. त्याबरोबर शिट्टीही गेली, तर दोष मोबाइलच्या किंवा स्टिरिओच्या बाजूला आहे. ती तशीच राहिली, तर तो ॲम्प्लिफायरकडे किंवा त्याला जोडणाऱ्या वायरींत आहे.

तिथे सर्वाधिक वेळा सापडतो तो कच्चा अर्थ. वायर रंगावरच कसलेली असते. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर जाड, आखूड वायर घट्ट बसवली की अनेक तक्रारी मिटतात. बॅटरीची वायर आणि आवाजाची वायर गाडीच्या दोन वेगळ्या बाजूंनी न्यावी. वायरींना हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. फिल्टर शेवटी, तो आधीच बसवणे म्हणजे तपासणीविना तापाची गोळी देणे.

गाडी बंद, घर शांत, तरीही शिट्टी ऐकू येत असेल, तर तो कर्णनाद असू शकतो. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीबरोबर ठोके देत असेल, तर उशीर करू नये. अचानक ऐकू येणे कमी झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.