उपग्रहांचा पूर्वेतिहास : लेखांक पाचवा — आकाशाची हद्द

गेल्या लेखांकात अग्निबाणाच्या गतीचा हिशेब आपण पाहिला. ती गती साधून वर गेलेली वस्तू कोणाच्या मुलुखावरून जाते, आणि तिला अडविण्याचा अधिकार कोणास पोचतो, हा आजचा विषय आहे. बिरवाडीच्या वाचकांस हद्द म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. ब्रिटिश अमदानीत आपला महाड तालुका कुलाबा जिल्ह्याच्या खालसा मुलुखात मोडे, आणि वरंध घाट चढून गेले की भोरच्या पंतसचिवांचे संस्थान लागे. १९४८ साली ते विलीन होईपर्यंत एकाच डोंगराच्या दोन अंगांस दोन अंमल होते. जमिनीवरचा हाच न्याय विमानांसही लागू आहे, कारण आपल्या भूमीवरील हवेवर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण सत्ता चालते असे १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केले होते. ही हवाई हद्द किती उंचीवर संपते, याचा निर्णय मात्र त्या करारात नव्हता.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने अवकाशात सोडलेला स्पुत्निक हा ५८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ८३.६ किलो वजनाचा धातूचा गोळा होता. पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा करण्यास त्यास सुमारे ९६ मिनिटे लागत. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ६५ अंशांचा कोन करीत असल्यामुळे, आणि प्रत्येक फेरीच्या अवधीत पृथ्वी स्वतःभोवती सुमारे २४ अंश वळत असल्यामुळे, त्याची वाट फेरीगणिक पश्चिमेकडे सरकत जाई. अमेरिका म्हणू नका, आपले कोकण म्हणू नका, उत्तर आणि दक्षिण ६५ अक्षांशांमधील कोणताही प्रदेश तिच्यातून सुटणे शक्य नव्हते. त्याने कोणाकडे परवाना मागितला नाही, आणि विशेष हे की कोणत्याही सरकारने औपचारिक हरकतही नोंदविली नाही.

अमेरिकेत जी घबराट उडाली ती या गोळ्याची नव्हती, त्याच्या वाहनाची होती. ऑगस्ट १९५७ मध्ये आपण खंडांतर-अग्निबाणाची चाचणी यशस्वी केली, असे रशियाने जाहीर केले होते, परंतु त्यावर विश्वास ठेवणारे थोडे होते. त्याच आर-७ जातीच्या अग्निबाणाने स्पुत्निक वर नेल्यावर शंकेस जागा उरली नाही, कारण जो अग्निबाण एवढे वजन कक्षेत ठेवतो तो अण्वस्त्र समुद्रापार नेऊ शकतो, हे उघड होते. ३ नोव्हेंबरला लायका नावाची कुत्री घेऊन दुसरा स्पुत्निक गेला. ६ डिसेंबरला अमेरिकेचा व्हॅनगार्ड तळावरच जळाला. आणि ३१ जानेवारी १९५८ रोजी एक्स्प्लोरर कक्षेत पोचला तेव्हा कोठे त्या राष्ट्राचा जीव खाली पडला.

या धामधुमीत एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत दूरगामी ठरली. स्पुत्निक उडाल्यावर चारच दिवसांनी अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री डोनाल्ड क्वार्ल्स यांनी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यापुढे असे मत मांडले की, अवकाश सर्वांस खुले आहे हा दंडक रशियाने नकळत घालून देऊन आपल्यावर उपकारच केले आहेत. त्याचा प्रत्यय लौकरच आला. १ मे १९६० रोजी रशियावरून टेहळणी करणारे अमेरिकेचे यू-२ विमान पाडले गेले आणि त्याचा वैमानिक कैद झाला. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॅमेरा घेऊन रशियावरून फिरलेल्या अमेरिकन उपग्रहाने, यू-२ विमानांच्या सर्व फेऱ्यांनी मिळून टिपला नव्हता एवढा प्रदेश एकाच खेपेत टिपला, आणि त्यास कोणी पाडले नाही. १९६७ च्या अवकाश-कराराने अवकाशावर कोणत्याही राष्ट्राचा मालकी हक्क नाही असे ठरविले, ते या रूढ झालेल्या वहिवाटीवरच.

आपल्यासारख्या तिसऱ्या पक्षास या चुरशीचा लाभ कसा झाला, हे पाहावयाचे तर मूळच्या कोल्हापूरच्या डॉ. एकनाथ चिटणीस यांचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे. अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ ब्रूनो रॉसी यांच्याजवळ वैश्विक किरणांचे संशोधन करून ते विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून परतले, आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळील थुंबा या केरळातील कोळ्यांच्या गावाची अग्निबाण-तळासाठी निवड करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकन होता, त्यातील सोडियमच्या वाफेचे साहित्य फ्रेंच होते, आणि तळाच्या दिमतीस हेलिकॉप्टर व संगणक रशियाने दिले होते. सरहद्दींवर एकमेकांकडे तोफा रोखून उभे असलेले पक्ष एका खेड्याच्या किनाऱ्यावर सहकार्याने वावरत होते. यामागे साराभाईंची मुत्सद्देगिरी होती, तशी प्रत्येकास दुसऱ्याहून मागे न राहण्याची निकडही होती, असे मला वाटते.

त्याची परिणती १९७५ साली झाली. त्या एप्रिलच्या १९ तारखेस आपला ३६० किलो वजनाचा आर्यभट हा उपग्रह रशियाच्या अग्निबाणावरून कक्षेत गेला, आणि १ ऑगस्टपासून अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांस दिसू लागले. त्या उपक्रमाची व्यवस्था डॉ. चिटणिसांकडे होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, ही खंत मला आजही आहे. कोकणातील दुर्गम वाड्यांस त्या वर्षीच्या पावसाळ्यात अशा पडद्याचा उपयोग थोडा झाला नसता.