इमोजीचा अर्थ कोठून येतो?

‘इमोजी’ हा जपानी शब्द आहे: ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजी’ म्हणजे अक्षर. मात्र इमोजी अक्षरासारखा ध्वनी दाखवत नाही. बोलताना आवाजाचा चढउतार, मान डोलावणे, हातवारे जे काम करतात, तेच लिखित संवादात तो बहुधा करतो.

उदाहरणार्थ, चेन्नईच्या ओरगडम औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या कारखान्याच्या व्हॉट्सॲप गटावर ‘उद्या पहिली पाळी सहाला’ असा निरोप आला. त्याखालचा उंचावलेला अंगठा म्हणजे ‘समजले’. ‘रविवारी याल का?’ याखाली तोच अंगठा होकार ठरतो. मराठीतील ‘बरं’ असाच आहे: कधी नुसती पोच, कधी संमती. ‘बरं’चा अर्थ सुरावरून कळतो, अंगठ्याला सूर नसतो.

गैरसमज झाला तर नोकरीही जाऊ शकते. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हत्येच्या संदेशाखाली अंगठा टाकल्याबद्दल रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाला बडतर्फ केले गेले. त्यात हत्येचे समर्थन दिसते, असे दलाचे म्हणणे होते. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो अंगठा संदेश पाहिल्याची खूण मानला आणि जवानाला कामावर घेण्याचा आदेश कायम ठेवला. उलट २०२३ मध्ये कॅनडातील एका न्यायालयाने धान्यखरेदीच्या कराराखालील अंगठा संमती मानला, कारण त्या दोन पक्षांचे आधीचे सौदे ‘ओके’सारख्या त्रोटक उत्तरांवरच पक्के होत आले होते.

म्हणजे चिन्ह एकच. अर्थ ठरवला तो आधीच्या मजकुराने आणि परस्परांतील प्रथेने.

सराव: जोडलेल्या हातांच्या इमोजीचे तीन वेगळे उपयोग संदर्भासह लिहा.